कवळी आणि मेंढ्याचं शिंग

आमच्या क्लिनिकच्या मागच्या खोलीत एक शेल्फ आहे. त्यावर प्लास्टरचे जबडे ठेवलेले असतात. कवळी करायची तर आधी तोंडाचं माप घेतात, त्या मापावरून प्लास्टरचा जबडा ओततात, आणि काम झालं तरी तो लगेच फेकत नाहीत, कारण पेशंट परत येणारच असतो. प्रत्येक जबड्यावर पेन्सिलीने नाव लिहिलेलं. किस्सेही असेच साठत जातात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. पण कधी धूळ झटकायला गेलं की एकेक नाव दिसतं आणि हातातलं फडकं तसंच राहतं.

मी पुण्यात डेंटिस्ट होते. कॅनडात आल्यावर इथल्या परीक्षांची यादी बघितली, एक मोठा श्वास घेतला आणि डेन्चरिस्ट झाले. इथे हा वेगळाच पेशा आहे. दात उपटायचे डेंटिस्टने, कवळी करायची आम्ही. त्यामुळे मी इथे डॉक्टर नाही, हे प्रत्येक मराठी पेशंटला पहिल्या भेटीतच सांगते. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "बरं, डॉक्टर."

मराठी माणसं माझ्याकडे टोरोंटोला पार दीड तासावरच्या वॉटर्लूहून येतात. मी फार हुशार आहे म्हणून नाही. हिरडी ठणकते, सलते, टोचते, चुरचुरते. या सगळ्याला इंग्लिशमध्ये 'पेन' म्हणून मोकळं व्हावं लागतं, आणि ते आपल्या लोकांना पटत नाही.

पुढच्या गोष्टी ज्यांच्या आहेत त्यांना विचारूनच सांगते आहे. नावं बदलली आहेत. दात तेच आहेत.

* * *

धोटेकाका नागपूरचे. रिटायर होऊन काकूंसह टोरोंटोच्या नॉर्थ यॉर्क भागात मुलाच्या कॉन्डोत, म्हणजे इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, राहायला आले. कवळी करताना मी पेशंटला जुना, हसतानाचा एखादा फोटो आणायला सांगते. मूळचे दात कसे होते ते कळलं की चेहरा परका वाटत नाही.

काकूंनी लग्नाचा फोटो आणला. काकांचं तोंड घट्ट मिटलेलं.

"यात दात दिसत नाहीत, काकू."

"लग्नात हे हसलेच नाही जी."

पुढच्या भेटीला मुलाच्या बारशाचा फोटो आणला. तोंड मिटलेलं. मग वास्तुशांतीचा. मिटलेलं! ऑफिसच्या निरोप समारंभाचा, गळ्यात हार, हातात नारळ, आणि तोंड मिटलेलं. मी म्हटलं, राहू द्या, मी अंदाजाने करते. पण काकू हट्टाला पेटल्या. नागपुरातल्या दिराला कपाट उपसायला लावून त्यांनी एक फोटो मागवलाच.

रेल्वेचा प्लॅटफॉर्म. गाडीच्या खिडकीबाहेर काका उभे. हसू या कानापासून त्या कानापर्यंत. वरचे दहा दात मोजता येत होते.

"अरे वा! हा कधीचा?"

"मी माहेरी चालली होती नं, तवाचा," काकू म्हणाल्या. "खिडकीतून मीच काढला."

काका छताकडे बघत होते. त्या फोटोवरूनच आम्ही दात केले.

* * *

नवी कवळी घातली की पहिले पंधरा दिवस माणूस हैराण असतो. तोंडात लाळ सुटते. बोलताना टकटक वाजतं. जेवताना पोळीचा तुकडा कुठे गेला ते कळत नाही. मी सगळ्यांना तेच सांगते, की मऊ खा, लहान घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा, आणि रोज अर्धा तास मोठ्याने बोला. जिभेला नवीन घराची सवय व्हायला हवी.

"बोलू कोणाशी?" धोटेकाका म्हणाले. "मुलगा-सून ऑफिसात. नात इंग्लिशमध्ये उत्तर देते. अन् ही त्या फोटोपासून माह्याशी बोलतच नाही."

इथे घरोघरी एक फोन येतो. तुमच्या घराचे डक्ट साफ करून देऊ का, म्हणजे गरम हवा खेळवणारे ते भिंतीतले पाइप. बर्फाइतकाच नेमाने येतो हा फोन. आपण सगळे तो कापतो. धोटेकाकांनी कापणं बंद केलं. डक्ट म्हणजे काय इथपासून सुरुवात करायचे. साफ कशाने करता? ब्रशने? ब्रश कोणता? आमच्याकडे नागपुरात कूलर असतो, त्याचं गवत दरवर्षी बदलतात, तुमच्याकडे तशी काही सोय आहे का? सकाळी एक फोन, दुपारी एक.

तीन आठवड्यांनी आले ते खणखणीत बोलत. एक अक्षर घसरत नव्हतं. मी म्हटलं, "काका, कमाल केलीत! अशीच प्रॅक्टिस चालू ठेवा."

"कशी ठेवू?" काका उदास होऊन म्हणाले. "आता त्यांचा फोनच येत नाही. माह्या नंबर ब्लॉक केला वाटते त्यांनी!"

* * *

धोटेकाकांनीच त्यांच्या शेजाऱ्यांना माझ्याकडे पाठवलं. सॅम्युअल किहीमकर, वय अठ्ठ्याहत्तर. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. जन्म अलिबागकडचा, नोकरी मुंबईत, आणि आता लेकीमागे टोरोंटोत. सोबत त्यांच्या पत्नी रिबेकाबाई. तोंडात सहा दात उरलेले, तेही पाहुण्यासारखे.

मी नेहमीप्रमाणे सगळं समजावून सांगितलं. दात कधी निघतील, कवळी कधी येईल, किती दिवस दुखेल. लोक यावर पुष्कळ प्रश्न विचारतात. किहीमकरांनी एकच विचारला.

"बाय, शिंग वाजेल का?"

आणि ग्रोसरीच्या पिशवीतून त्यांनी एक शिंग काढून माझ्या टेबलावर ठेवलं. मेंढ्याचं, वळलेलं, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. याला शोफार म्हणतात. ज्यू लोकांच्या नव्या वर्षाच्या सणाला, साधारण सप्टेंबरात, प्रार्थनेत हे शिंग ठरलेल्या सुरांत फुंकतात. तो आवाज कानावर पडल्याशिवाय सण झाला असं मानत नाहीत. हे शिंग किहीमकरांच्या वडिलांचं. पन्नासहून जास्त वर्षं किहीमकरच वाजवत आलेले, आधी तिकडे आणि आता इथल्या मूठभर मराठी ज्यूंच्या हॉलमध्ये.

"का नाही वाजणार?" मी म्हटलं.

रिसेप्शनला आमची ग्रेस बसते. मूळची फिलिपिन्सची, मराठीचा एक शब्द येत नाही, पण सगळं समजतं. तिने कॉम्प्युटरवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. पेशंटला कसलंही वचन द्यायचं नाही हा माझाच नियम, आणि तिनेच तो छापून भिंतीवर लावला होता.

तिकडे रिबेकाबाईंनी हात जोडले. शिंग वाजलं तर मलिदा करीन, असा नवस बोलल्या. मलिदा म्हणजे त्यांच्यातला नवसाचा प्रसाद. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, मनुका, बदाम.

"बदामाचे काप चालतील ना ह्यांना, डॉक्टरबाई?"

"पूड करा," मी म्हटलं. तेवढं मात्र मी बरोबर सांगितलं.

* * *

कवळी छान झाली होती. हे मी म्हणते म्हणून नाही, आरशात बघून किहीमकर स्वतः म्हणाले, "मी तर माझ्या धाकट्या भावासारखा दिसतोय." तीन आठवड्यांत वरण-भात, मग मासे, मग चपाती. सगळं रीतसर. तेव्हा ते शिंग घेऊन आले.

वेटिंग रूममध्ये चार पेशंट बसले होते. मी म्हटलं, हळूच फुंकून बघा. त्यांनी शिंग ओठांना लावलं, गाल भरले आणि फुंकलं.

आवाज आला तो शिंगाचा नव्हता. वरची कवळी सुटली, शिंगाच्या बाजूने निसटली आणि खोलीच्या उघड्या दारातून बाहेर जाऊन रिसेप्शनच्या काउंटरखाली थांबली. चारही पेशंटनी पाय वर घेतले.

ग्रेसने टायपिंग थांबवलं नाही. तशीच म्हणाली, "अप्पर ऑर लोअर?"

* * *

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगितलं तर माझीच कीव येईल. वरच्या कवळीच्या कडा घासल्या. टाळूचा भाग नव्याने भरला. चिकटवायची पेस्ट दिली, मग दुसरी, मग त्याहून कडक तिसरी. तिसरीने कवळी जागेवर राहिली, पण ओठांची ती जुनी घडी काही बसेना. शिंगातून नुसती हवा जायची, फुस् करून.

किहीमकर घरी प्रॅक्टिस करायचे. कधी फुस्, कधी मध्येच एखादी हंबरल्यासारखी आरोळी. अकराव्या मजल्यावर!

आठवड्याभरात कॉन्डोच्या बोर्डाचं, म्हणजे आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखं, पत्र आलं. तुमच्या घरात मोठं जनावर असल्याची तक्रार आहे. नियमाप्रमाणे पंचवीस पौंडांवरचा प्राणी पाळता येत नाही. कृपया खुलासा करावा.

किहीमकर मुंबईत सरकारी कचेरीत होते. पत्राला उत्तर देणं हे त्यांच्या रक्तात आहे. त्यांनी स्वच्छ इंग्लिशमध्ये लिहिलं, "महोदय, सदर जनावर आता हयात नाही. त्याचं फक्त शिंग आमच्याकडे आहे, आणि ते आम्हाला फार प्रिय आहे."

चार दिवसांनी दाराखालून एक पाकीट सरकवलेलं मिळालं. आत इंद्रधनुष्याचं चित्र असलेलं सांत्वनाचं कार्ड. तुमच्या लाडक्या सोबत्याच्या जाण्याने आम्हाला दुःख झालं आहे. खाली बोर्डाच्या सातही जणांच्या सह्या!

रिबेकाबाईंनी ते फ्रिजवर लावलं. अजून आहे.

* * *

सणाच्या पाच दिवस आधी विनिपेगहून व्याही आले. बेंजामिन नागावकर आणि त्यांच्या पत्नी साराबाई. किहीमकरांची मुलगी नागावकरांच्या मुलाला दिलेली. नागावकर दरवर्षी सणाला येतात. शिंग त्यांनाही वाजवता येतं, घरी रोज वाजवतात म्हणे, पण इथल्या हॉलमध्ये तो मान किहीमकरांकडे, आणि हे शल्य त्यांनी कधी फारसं लपवलेलं नाही. यंदा हॉलच्या मंडळींनी त्यांना सांगून ठेवलं होतं, किहीमकरांना जमलं नाही तर तुम्ही तयार राहा.

नागावकरांची ख्याती म्हणजे त्यांचे दात. वय सत्त्याहत्तर आणि बत्तीसच्या बत्तीस जागेवर! कोणीही भेटलं की पाच मिनिटांत विषय दातांवर यायचा. मग ते हात पुढे करायचे, "सारा, अक्रोड!" साराबाई पर्समधून एक अक्रोड काढून द्यायच्या. नागावकर तो दाढेखाली धरायचे. कट्! दोन सारखे अर्धे हातावर. आल्या दिवशीच किहीमकरांसोबत ते माझ्या क्लिनिकमध्येही आले होते, नुसतेच, बघायला. वेटिंग रूममध्ये एक इटालियन आजी आणि मी अशा दोघींना त्यांनी प्रयोग करून दाखवला.

"ब्रश नाही, काही नाही," ते म्हणाले. "लहानपणी राखुंडी लावली, तेवढीच. आमच्या व्याह्यांनी दातांची काळजी घेतली नाही. काय करणार!"

किहीमकर शिंगाची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही, कारण इटालियन आजी टाळ्या वाजवत होत्या.

* * *

त्याच आठवड्यात किहीमकरांकडे जेवण होतं. धोटे मंडळी होती, मीही होते. नागावकरांनी दातांचा विषय काढायच्या आतच धोटेकाका घरातून पिशवी घेऊन आले. सेलमध्ये आणलेले अक्रोड, मुठीएवढे मोठे, दगडासारखे.

"घ्या जी व्याहीबुवा," काका अगदी भक्तिभावाने म्हणाले. "तुमच्याबद्दल लई ऐकलं. आज माह्यावाला एक फोडून दाखवाच."

"नको हो," साराबाई पटकन म्हणाल्या, "जेवणं व्हायचीत अजून."

पण सगळे बघत होते. धोटेकाकूंनी फोन काढून व्हिडिओ सुरू केला होता. नागावकरांनी अक्रोड घेतला, दाढेखाली धरला, डोळे मिटले. कडाड असा आवाज आला.

अक्रोड अख्खाच्या अख्खा बाहेर आला. नागावकर तोंडावर रुमाल धरून वॉशरूममध्ये गेले. बाहेर आले ते पोट बिघडल्याचं खुणेने सांगत थेट झोपायला गेले.

"कच्चा असंन," धोटेकाका अक्रोड निरखत म्हणाले.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लिनिक उघडायला गेले तर दारात नागावकर उभे. तोंडावर मफलर. सप्टेंबरात!

आत येऊन त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्यासमोर उलगडला. वरची कवळी, मधोमध तडकलेली. खालची धड होती. काम जुनं होतं, वीसेक वर्षांपूर्वीचं, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर. मी कारागिराला मनात नमस्कार केला.

"कोणाला सांगू नका," ते मफलरातून म्हणाले. दात नसताना त्यांचा आवाज अगदीच वेगळा, एखाद्या गरीब माणसाचा होता.

मी म्हटलं, पेशंटची गोष्ट मी कोणालाच सांगत नाही. दोन तास लागतील. मागच्या खोलीत बसा. ते बसले, प्लास्टरच्या जबड्यांच्या शेल्फाखाली, मांडीवर हात ठेवून.

अर्ध्या तासात पुढच्या खोलीत किहीमकर आले. अपॉइंटमेंट त्यांची होतीच, मी विसरले होते. दोन्ही खोल्यांमध्ये एक पातळ दार, आणि तेही नीट लागत नाही.

मी त्यांची वरची-खालची कवळी काढून घेतली आणि घासायला बसले. शेवटचा प्रयत्न म्हणून. ते खुर्चीत नुसते बसले होते. चाळा म्हणून त्यांनी शिंग उचललं, ओठांच्या उजव्या कोपऱ्यात लावलं आणि सहज फुंकलं.

आणि शिंग वाजलं!

नुसतं वाजलं नाही. लांब, सरळ, भरीव. खिडकीची काच थरथरली. ग्रेस दारात येऊन उभी राहिली. मी हातातली कवळी बघत होते. दोन महिने मी जिच्यावर मेहनत घेतली ती तोंडात नव्हती, म्हणून वाजलं. माझ्या कामाला इतकं सरळ उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही.

"मग झालं तर!" मी म्हटलं. "वाजवायच्या वेळी काढून ठेवा. पाच मिनिटांचा तर प्रश्न."

किहीमकरांनी शिंग खाली ठेवलं. "नाही, बाय."

"का?"

"सगळ्यांसमोर दात काढायचे? बोळकं घेऊन उभं राहायचं?" ते हळू बोलत होते, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता. "माझ्या बापाने हे शिंग माझ्या हातात दिलं तेव्हा तो सरळ उभा होता. मी इथे आलो, सगळं बदललं. घर, भाषा, हवा. लेकीची पोरं मला ग्रँडपा म्हणतात. हा एक आवाज तेवढा तोच आहे. तो सोडायचा म्हणजे... पण हसं करून घेऊन नाही. आणि तेही बेंजामिनसमोर? बत्तीस दातवाल्यासमोर? तो मला आयुष्यभर ऐकवील. त्यापेक्षा मी शिंग त्यालाच देतो. वाजलं म्हणजे झालं."

मागच्या खोलीत प्लास्टरचा एक जबडा खाली पडून फुटला.

"मांजर आहे का?" किहीमकरांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. क्लिनिकमध्ये मांजर ठेवायला परवानगी नाही.

ते गेल्यावर मी मागे गेले. नागावकर जमिनीवरचे प्लास्टरचे तुकडे गोळा करत होते. मी जोडलेली कवळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घातली, आरशात बघितली, नीट बसल्याचं मानेने सांगितलं. दारापर्यंत गेले, थांबले, परत वळले. काहीतरी बोलतील असं वाटलं.

"पावती नको," एवढंच म्हणाले.

* * *

सणाच्या दिवशी मला आमंत्रण होतं. भाड्याने घेतलेला हॉल, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. धोटेकाका मागच्या रांगेत डोक्यावर छोटी गोल टोपी घालून, ती पडू नये म्हणून मान ताठ धरून बसले होते. मी रिबेकाबाईंच्या शेजारी. आमच्या पुढे साराबाई.

रिबेकाबाईंनी मला हळूच सांगितलं, की आता हे शिंगाआधीचा आशीर्वाद म्हणतील, आणि तो म्हटला की शिंग पूर्ण वाजून होईपर्यंत हॉलमध्ये कोणी एक शब्द बोलायचा नाही. काही झालं तरी. नियमच आहे तसा. मग त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही.

किहीमकर पुढे उभे राहिले. पांढरी शाल, तोंडात माझी कवळी. आशीर्वाद खणखणीत म्हटला. हॉल गप्प झाला.

त्यांनी शिंग ओठांना लावलं. फुस्.

पुन्हा. फुस्. आणि वरची कवळी खालच्यावर आपटल्याचा टक् असा आवाज. शांततेत तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार. त्यांनी गाल अंगठ्याने दाबून धरला. तिसऱ्यांदा फुंकलं. हवा.

मी खाली बघत होते. मला वर बघवेना.

मग किहीमकरांनी शिंग शालीच्या टोकाने पुसलं, पहिल्या रांगेकडे वळले आणि ते दोन्ही हातांनी नागावकरांच्या पुढे धरलं.

नागावकर उठले. पुढे गेले. शिंगाला हात लावला नाही. खिशातून पांढरा, इस्त्रीचा रुमाल काढला, डाव्या तळहातावर पसरला. उजवा हात तोंडाशी नेला. वरची काढली, रुमालावर ठेवली. खालची काढली, ती तिच्या शेजारी ठेवली. मग हॉलकडे तोंड करून उभे राहिले. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली. सगळ्यांना नीट दिसेल इतका वेळ. बोलायला बंदी होती, आणि कोणी बोललं नाही. मागे धोटेकाकांची टोपी पडली.

नागावकरांनी तो रुमाल किहीमकरांच्या पुढे धरला.

किहीमकर रुमालाकडे बघत राहिले. मग व्याह्यांच्या तोंडाकडे. मग पुन्हा रुमालाकडे. त्यांनी शिंग काखेत घेतलं, हात तोंडाशी नेला आणि आपली कवळी, वरची आणि खालची, व्याह्यांच्या कवळीशेजारी ठेवली.

शिंग ओठांच्या उजव्या कोपऱ्यात लागलं.

त्या आवाजाबद्दल मी काही लिहीत नाही. एकामागून एक सगळे सूर झाले, तुटक, थरथरते, लांब. नागावकर शेवटपर्यंत हात आडवा धरून शेजारी उभे होते, रुमालात चार तुकडे. शेवटचा सूर सगळ्यात लांब असतो. तो संपला तेव्हा किहीमकरांचे डोळे वाहत होते, आणि माझेही.

आता बोलायची मुभा होती. रिबेकाबाई पुढे वाकल्या आणि साराबाईंच्या खांद्याला हात लावून कुजबुजल्या, "विहीणबाई, तुम्हाला माहीत होतं?"

साराबाईंनी मागे वळून बघितलं नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून त्या समोरच बघत होत्या.

"मग अक्रोड कोण चिकटवून देत होतं?"